भरल्या घरात उपाशी

गेल्या दिवाळीत सदाशिव पेठेत मावशीकडे फराळाला गेलो होतो. वय ८१, एकटीच राहते. घरात कमी कशाचीच नाही. चकलीची ताटली माझ्यापुढे सरकवताना तिची बांगडी मनगटावरून थेट कोपरापर्यंत घसरली.

"मावशी, दुपारी जेवतेस काय?"

"एकटीसाठी कुकर काय लावायचा रे? चहात बुडवून दोन खाऱ्या खाते."

कवळी सैल झाली म्हणून भाकरी सुटली होती, पोट फुगते म्हणून वरण सुटले होते. एकादशी मात्र सुटली नव्हती!

वृद्धाश्रम पुण्याला नवा नाही. नव्या पेठेतला 'निवारा' डेव्हिड ससून यांच्या देणगीतून एकोणिसाव्या शतकात उभा राहिला. तरी आश्रम म्हणजे आबाळ आणि घर म्हणजे माया, असे आपण धरूनच चालतो. वास्तविक आश्रमात पंगत असते, पण अन्न सर्वांना एकाच चवीचे. इस्पितळात ताट येते. भरवणारे कोणी नसले, तर तसेच परत जाते. आणि घरी? घरी कोणी विचारीतच नाही.

डॉक्टर मंडळी मोजके प्रश्न विचारतात. भूक मंदावली का? ३ महिन्यांत वजन ३ किलोंहून अधिक घटले का? उंची-वजन घेता आले नाही, तर पोटरीचा घेर मोजतात. तो ३१ सेंटिमीटरांहून कमी भरला, तर सावध व्हावे.

मी शिवणाची फीत मागितली. घेर भरला २८!

डॉक्टरांना दाखवले, कवळी नीट करून घेतली. आता मुगाचे मऊ धिरडे, दही, दाण्याचे कूट असते. आणि शेजारच्या काकू आपले ताट घेऊन तिच्याकडे येतात. मावशी म्हणते, "गुण धिरड्याचा नव्हे रे, सोबतीचा."

वाचकहो, यंदा वडीलधाऱ्यांकडे फराळाचा डबा पोचवाल, तेव्हा घटकाभर बसून त्यांच्याबरोबर जेवूनही या.