कागदाची धार

जळगांवच्या एखाद्या पेढीवर चोपडीचें पान उलटतांना मुनिमाचें बोट कापतें. रक्ताचा थेंब दिसतो न दिसतो. पण कळ अशी उठते कीं, लेखणी खालीं ठेवावी लागते. शेजारचा हसतो. एवढ्याशा चिरेचें एवढें दुःख कसलें, असें त्याला वाटतें. परंतु मुनिमाच्या तक्रारींत अतिशयोक्ति मुळींच नाहीं.

मऊ कागद कापतो कसा, हा पहिला प्रश्न. सन २०२४ मध्यें डेन्मार्कमधील शास्त्रज्ञांनीं त्वचेच्या जागीं जिलेटिन घेऊन निरनिराळ्या जाडीच्या कागदांची परीक्षा केली. फार पातळ कागद टेकतांच वांकतो. फार जाड कागदाचा भार रुंद कडेवर पसरतो व तो कापीत नाहीं. सुमारें ६५ मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या पंधराव्या हिश्शाइतका जाड कागद सर्वांत घातक ठरला. वर्तमानपत्रांचा कागद साधारण याच जाडीचा असतो. तेव्हां हें भाषण छापील पानावर वाचणारांनींही पान जपूनच उलटावें! इतिहासाचार्य राजवाडे १९२६ मध्यें वारल्यावर धुळ्यास त्यांच्या नांवानें संशोधन मंडळ निघालें. अशा ठिकाणीं जुन्या हातकागदाचीं दप्तरें चाळणाऱ्याला या धारेची धास्ती कमी. तो कागद जाडसर व कडेला तंतुमय असतो. त्याला छळते ती धूळ आणि कसर.

आतां वेदनेचें कारण. कंपासाचीं दोन टोंकें पाठीवर टेकविलीं, तर त्यांत सुमारें ४ सेंटिमीटर अंतर असल्यावांचून तीं दोन आहेत हें कळत नाहीं. बोटाच्या टोंकाला २-३ मिलिमीटर पुरतात. कॅनडांतील शल्यविशारद पेनफील्ड यांनीं १९३७ मध्यें दाखविलें कीं, मेंदूच्या स्पर्शक्षेत्रांतही हाताला फार मोठी जागा मिळालेली आहे. खानदेशांतील कापसाचा व्यापारी चिमटींत पुंजका ओढून धाग्याची लांबी पारखतो, तें याच संपत्तीच्या बळावर. जें बोट इतकें बारकाईनें पारखतें, तें दुखतेंही तितक्याच बारकाईनें.

त्यांत ही जखम उथळ. वेदना वाहणाऱ्या मज्जातंतूंचीं टोंकें त्वचेच्या अगदीं वरच्या थरापर्यंत पोंचतात. रक्तवाहिन्या त्याखालीं असतात. खोल जखमेवर रक्त गोठून खपली धरते. येथें रक्तच पुरेसें येत नाहीं. टोंकें उघडीं पडतात, आणि बोट वांकलें कीं चीर पुन्हां उकलते. अशा बोटानें हिरव्या मिरचीचें भरीत कालविलें म्हणजे काय होतें, तें सांगावयास नको. मिरचींतील तिखट द्रव्य मज्जातंतूच्या ज्या ग्राहकाला चेतवितें, तोच चटका बसविणारी उष्णताही ओळखतो. हा ग्राहक १९९७ मध्यें सांपडला व त्याबद्दल डेव्हिड ज्यूलियस यांना २०२१ चें नोबेल पारितोषिक मिळालें. मिरचीनें "आग झाली" ही आपली बोली शास्त्रदृष्ट्याही बरोबर आहे.

उपाय साधा आहे. बोट तोंडांत घालूं नये. साबण व पाणी यांनीं धुवून, कोरडें करून, स्वच्छ पट्टी बांधावी. झांकलेली चीर कमी झोंबते. मात्र दीर्घकाळच्या मधुमेहानें ज्यांची त्वचा बधिर झाली आहे, त्यांना ही कळ येतच नाहीं, आणि त्यांची जखम नकळत चिघळते. त्यांनीं रोज रात्रीं दिव्यापाशीं बसून हातापायांचीं बोटें व तळवे डोळ्यांनीं तपासावे.