स्प्लिंट उतरवताना घाई नको

दुकानाच्या पायरीवरून पाय घसरला की माणूस सहजच हात टेकतो आणि सारा भार मनगटावर येतो. अशा अस्थिभंगाचे वर्णन आयरिश शल्यचिकित्सक अब्राहम कॉलेस यांनी १८१४ मध्येच केले होते. हाड जुळण्यास साधारणतः सहा आठवडे लागतात. अनेकदा पक्क्या प्लास्टरनंतर काढता-घालता येणारी स्प्लिंट दिली जाते आणि खरी कसोटी तेथूनच सुरू होते.

वेदना थांबली म्हणजे हाड जुळले, असे नव्हे. गल्ल्यावर बसण्याच्या किंवा स्वयंपाकाच्या ओढीने स्प्लिंट परस्पर काढून ठेवणे धोक्याचे असते. मुदतठेव मुदतीपूर्वी मोडली तर व्याज कमी होते. येथे मात्र मुद्दलच धोक्यात येते. म्हणून ती कधी, किती वेळ काढावी आणि रात्री ठेवावी काय, हे डॉक्टरांकडून लिहूनच घ्यावे. पक्के प्लास्टर तर घरी कापूच नये.

परवानगी मिळाल्यावर प्रथम पट्ट्यांच्या जागांचे मोबाइलवर छायाचित्र घ्यावे. टेबलावर उशी ठेवून तिच्यावर हात टेकवावा. पट्ट्या एकेक करून सोडाव्यात. हात ओढून बाहेर काढू नये. स्प्लिंट पुरेशी उघडून अलगद बाजूला करावी. घरातील कोणी जवळ असल्यास उत्तम.

हात बारीक आणि त्वचा कोरडी दिसली तरी घाबरू नये. कोमट पाण्याने हलकेच धुवावे, न घासता टिपून पूर्ण कोरडे करावे. लाल चट्टे किंवा जखम आहे काय, ते पाहावे. तेल लावून चोळणे, वजन उचलणे, हाताला रेटा देऊन उठणे टाळावे. डॉक्टरांनी सांगितले असतील तेवढेच व्यायाम करावेत.

स्प्लिंट परत घालताना छायाचित्राप्रमाणे पट्ट्या लावाव्यात. पट्टीखाली एक बोट सहज जावे, इतपतच ती घट्ट असावी. नख दाबून सोडल्यावर दोनेक सेकंदांत गुलाबी रंग परतला पाहिजे.

बोटे निळसर, थंड वा बधिर झाली, सूज किंवा वेदना वाढली, हात वाकडा दिसला अथवा जखमेतून स्राव आला, तर सकाळची वाट न पाहता डॉक्टरांना गाठावे. चार दिवस दुकान दुसऱ्याने सांभाळले तरी चालते. वाकडे जुळलेले मनगट मात्र आयुष्यभर सांभाळावे लागते.