शेकोटी पेटली, तरी खोली गारच!

इंग्लंडमधील जुन्या घरांत भिंतीत बांधलेली शेकोटी आढळते. तिला ‘फायरप्लेस’ म्हणतात. पूर्वी ती बहुधा खोल कोनाड्यासारखी असे आणि तिच्यावरचे धुरांडे ऐसपैस असे. लाकडे भरपूर जळत, समोर बसणाऱ्याचे तोंड भाजे, पण पाठ मात्र गारठलेलीच! असे का होत असे?

तापलेली हवा हलकी होऊन धुरांड्यातून वर जाते. तिची जागा घेण्यासाठी दाराखिडक्यांच्या फटींतून बाहेरची थंड हवा खोलीत शिरते. म्हणजे अभिसरणाने जाणारी उष्णता वाया जाते. खोलीला मिळते ती मुख्यतः प्रारणाने येणारी उष्णता.

काउंट रम्फर्ड (१७५३–१८१४) या शास्त्रज्ञाने हे मर्म ओळखले. १७९६ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात त्याने दोन मुख्य सुधारणा सुचविल्या. पहिली, शेकोटी उथळ करावी आणि तिच्या बाजूच्या भिंती मागच्या भिंतीशी १३५ अंशांचा कोन करतील अशा तिरप्या बांधाव्यात. त्यामुळे अधिक प्रारण खोलीकडे येते. दुसरी, धुरांड्याचा गळा सुमारे ४ इंच (१० सेंमी) इतका अरुंद ठेवावा. त्यामुळे धूर तर निघून जातो, पण त्याच्याबरोबर खोलीतली उबदार हवा फारशी जात नाही.

विद्यार्थी मित्रांनो, पेटत्या मेणबत्तीपासून एक वीत अंतरावर हात आधी बाजूला धरा, मग तेवढ्याच अंतरावर ज्योतीच्या वर क्षणभरच, जपून धरा. कोठे जास्त ऊब लागली? तीच ऊब जुने धुरांडे पळवून नेत असे!