पंपावरचं ऊन

इंदूरच्या नळाला येणारं नर्मदेचं पाणी सुमारे 70 किलोमीटर लांबून, विंध्याचा चढ चढून येतं. अहिल्याबाईंच्या महेश्वरपासून थोड्याच अंतरावर जलूद आहे. तिथले पंप ते वर ढकलतात. पाणी नदीचं, पण चढ महाग. या उपशाचं वीजबिल महिन्याला 25 कोटींच्या घरात जायचं. म्हणून 10 फेब्रुवारी 2023 रोजी इंदूर महापालिकेने जलूदला 60 मेगावॉटचा सौर प्रकल्प उभारायला रोखे काढून थेट लोकांपुढे हात पसरला.

इथवर यायला आपल्या शहरांना पाव शतक लागलं. 1998 साली अहमदाबादने राज्य सरकारची हमी न घेता 100 कोटींचे रोखे काढले होते. तारण काय, तर जकात नाक्यांवरची रोजची वसुली. पुढे जकातच गेली आणि शहरांची पत घरपट्टीवर येऊन टेकली. 2015 मध्ये सेबीने पालिकांच्या रोख्यांसाठी नियम केले. त्या नियमांखाली पहिली उडी पुण्याने मारली: जून 2017, 200 कोटी, व्याज 7.59 टक्के. चोवीस तास पाण्याच्या योजनेसाठी उभारलेला हा पैसा. शेअर बाजारात घंटा वाजली, फोटो निघाले, केंद्राने 26 कोटींचं प्रोत्साहनही दिलं. मग योजनेच्या निविदाच रद्द झाल्या आणि कर्जाचा पैसा काही काळ बँकेत ठेव म्हणून पडून राहिला. व्याज मात्र कुणासाठी थांबत नाही. पैसा उभारणं हे या धंद्यातलं सोपं काम आहे, हे पुणेकरांना तेव्हा कळलं असावं.

‘हरित’ हा शब्द पालिकांच्या रोख्यांना चिकटला तो 2021 मध्ये, गाझियाबादच्या 150 कोटींच्या रोख्यांपासून. सांडपाणी शुद्ध करून कारखान्यांना विकण्याचा तो बेत होता.

इंदूरची गोष्ट पुणे-गाझियाबादहून वेगळी, कारण रोखे घेणारे केवळ बँका आणि विमा कंपन्या नव्हते. हजार रुपयांचा एक रोखा, किमान दहा घ्यायचे. म्हणजे 10 हजार रुपयांत निवृत्त मास्तरही आपल्या शहराचा सावकार होऊ शकत होता. व्याज 8.25 टक्के, दर सहा महिन्यांनी खात्यात. मुद्दल तीन, पाच, सात आणि नऊ वर्षांनी, चार सारख्या हप्त्यांत परत. मागणी होती 122 कोटींची, तेवढेच जादा घेण्याची मुभा होती. अर्ज आले सुमारे 721 कोटींचे. पालिकेने 244 कोटी ठेवून घेतले.

हिशेब मांडून पाहा. 244 कोटींवर वर्षाचं व्याज साधारण 20 कोटी, म्हणजे एका महिन्याच्या जुन्या वीजबिलाहूनही कमी. अर्थात पंप रात्रीही चालतात आणि सूर्य रात्री येत नाही, तेव्हा बिल पुसलं जाणार नाही, उतरेल. तरी मला हा मार्ग घराच्या छतावरच्या अनुदानापेक्षा न्याय्य वाटतो. 2024 च्या ‘पीएम सूर्य घर’ योजनेत जास्तीत जास्त 78 हजार रुपये मिळतात, पण ते छत असणाऱ्याला. चाळीतल्या भाडेकरूने पॅनेल कुठे बसवायचं, खिडकीत? पाण्याच्या पंपावरचं ऊन मात्र बंगल्याच्या नळात येतं तसंच झोपडपट्टीच्या नळकोंडाळ्यावरही येतं. अट एकच. वाचलेला पैसा पाणीपट्टीत दिसला पाहिजे, पालिकेच्या सर्वसाधारण खर्चात विरघळता कामा नये.

राहता राहिला खरा अन्याय. रोखे काढायला पतमानांकन लागतं. इंदूरला ते मिळालं, पुण्याला मिळालं, पण घरपट्टी धड वसूल न होणाऱ्या तालुक्याच्या गावाला कोण उधार देणार? याचंही उत्तर शोधून झालेलं आहे, फक्त आपण ते विसरलो. 2002 साली तामिळनाडूत डझनभर लहान पालिकांची एक मोट बांधली गेली आणि पाणी-सांडपाण्याच्या कामांसाठी 30 कोटींचे रोखे एकत्र काढले गेले. निम्म्या मुद्दलाची हमी अमेरिकी मदतसंस्थेने घेतली होती. एकटीदुकटी पालिका बाजाराच्या दारातही उभी राहू शकली नसती. तोच मार्ग सौर पंपांसाठी महाराष्ट्रात का नको? भिशी आपल्याला कुणी शिकवायला नको, आणि हमी द्यायला परदेशी संस्थाच हवी असंही नाही; राज्य सरकार आहे.

यंदा तुमच्या नगरपालिकेचं अंदाजपत्रक हाती आलं, तर पाणीपुरवठ्याच्या वीजबिलाची ओळ शोधा आणि तो आकडा घेऊन आपल्या नगरसेवकाकडे जा.