निवाऱ्यापलीकडची मदत

युद्धग्रस्तांना दिलेली परदेशी मदत म्हणजे काय, हे सोलापूरला वेगळे सांगावयास नको. जपानी आक्रमणाने होरपळलेल्या चीनला काँग्रेसने १९३८ साली पाच डॉक्टरांचे पथक धाडले; त्यातले डॉ. द्वारकानाथ कोटणीस येथलेच. ९ डिसेंबर १९४२ रोजी त्यांनी तिकडेच देह ठेवला. त्यानंतर वर्षभराच्या आतच दूरच्या युद्धाने निराधार झालेल्या बायका-मुली कोल्हापूरनजीक वळिवडे येथे आश्रयाला आल्या. त्यांचे स्मरण मात्र आपण फारसे ठेवलेले नाही.

पोलंडवर १९३९ साली जर्मनी व सोव्हिएत रशिया या दोघांनीही आक्रमण केले. पूर्व पोलंडमधील लाखो नागरिक सैबेरिया, कझाकस्तानकडे हद्दपार झाले. १९४१ मध्ये सुटकेचा करार झाल्यावर पुरुष सैन्यात गेले आणि अनेक स्त्रिया-मुले इराणमार्गे हिंदुस्थानात पोहोचली. वळिवड्याच्या छावणीत १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार निर्वासित राहिले.

तेथे केवळ शिधा वाटला गेला नाही. शाळा, रुग्णालय, चर्च, नाट्यगृह असे एक गावच उभे राहिले. खर्च लंडनस्थित पोलिश सरकारचा होता. जुलै १९४५ मध्ये ब्रिटन व अमेरिकेने त्या सरकारची मान्यताच काढून घेतली. युरोपातील युद्ध संपले होते, पण या बायकांची घरे आता सोव्हिएत हद्दीत गेली होती. तरीही छावणी उघड्यावर पडली नाही. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या मदत व पुनर्वसन संघटनेने भार उचलला.

खरा धडा येथेच आहे. दहाव्या वर्षी आलेली मुलगी छावणी मोडली तेव्हा पंधरा वर्षांची होती. मधली पाच वर्षे म्हणजे तिचे सारे शिक्षण! सुरक्षा परिषदेने २००० साली ठराव क्रमांक १३२५ द्वारे युद्धपीडित स्त्रियांचा प्रश्न जगापुढे मांडला खरा. परंतु १ जुलै २०२५ रोजी अमेरिकेची ‘यूएसएड’ ही मदतसंस्था बंद झाली, तेव्हा अशा ठरावांमागचे आर्थिक बळ किती तकलादू आहे हे उघड झाले. सरकारे बदलतील, धोरणे फिरतील. मुलीचे शाळेचे वय मात्र कुणासाठी थांबत नाही. मदतीचे मोल तिने दिलेल्या घासांवर नव्हे, तर तिने न तुटू दिलेल्या वर्षांवर ठरावयास हवे.