‘वय झाले’ हे निदान नव्हे

गेल्या पावसाळ्यात नायगावच्या माझ्या दवाखान्यात सत्तरी ओलांडलेले एक आजोबा सुनेबरोबर आले. मिठागरात उमेद घालवलेले हे गृहस्थ. तक्रार सुनेची होती : “डॉक्टर, बाबा हल्ली फार विसरतात. सांगावं एक, तर करतात भलतंच.” मी काही विचारले की आजोबा नुसते हसून मान हलवीत. कान तपासले, तर दोन्हींत मळाचे घट्ट बोळे. मळ काढल्यावर बरेचसे ऐकू येऊ लागले. उरलेली उणीव पुढे श्रवणयंत्राने भरून काढली. विस्मरण नव्हतेच, शब्द त्यांच्यापर्यंत पोहोचत नव्हते.

डोळ्यांची गोष्ट मात्र इतकी सोपी निघाली नाही. “मोतीबिंदू असेल, पिकला की काढू,” असे म्हणत त्यांनी दोन वर्षे दवडली होती. नेत्रतज्ज्ञांकडे धाडले, तेव्हा मोतीबिंदू थोडा आणि काचबिंदू फार, असे निष्पन्न झाले. गेलेली नजर परत आली नाही.

उतारवयातील दृष्टीचे आणि श्रवणाचे काही विकार पुरते सुधारतात, काही केवळ थोपवता येतात, तर काहींत एक दिवसाचा विलंबही महागात पडतो. कोणता विकार कोणत्या प्रकारचा, हे घरच्यांना ठाऊक असावे, एवढ्यासाठी हा लेख.

सुधारणारी नजर : मोतीबिंदू

मोतीबिंदूत डोळ्यातील नैसर्गिक भिंग गढूळ होते. तो पिकेपर्यंत थांबण्याची रीत जुन्या शस्त्रक्रियेच्या काळातली. आता रोजच्या कामात अडथळा येऊ लागला, की शस्त्रक्रिया करावी. अति पिकलेला मोतीबिंदू उलट काढण्यास अवघड जातो. बहुधा भूल देण्यासाठी केवळ थेंब पुरतात, कृत्रिम भिंग बसवले जाते आणि रुग्ण त्याच दिवशी घरी जातो. पुढे काही आठवडे औषधाचे थेंब नियमाने घालावे लागतात. काही महिन्यांनी वा वर्षांनी पुन्हा धूसर दिसू लागल्यास घाबरू नये. भिंगामागील पातळ पडदा गढूळ झालेला असतो आणि तो लेझरने काही मिनिटांत मोकळा करता येतो. अंधत्व निवारणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून सुरू आहे. त्याअंतर्गत शासकीय रुग्णालयांत ही शस्त्रक्रिया विनामूल्य होते.

थोपवायची नजर : काचबिंदू आणि दृष्टिपटल

काचबिंदूत नजरेची नस हळूहळू सुकते, बहुतेकदा डोळ्यातील दाब वाढल्यामुळे. दुखत नाही, खुपत नाही. कडेचे दिसणे आधी जाते आणि रुग्णाला त्याचा पत्ताही नसतो. उपचाराने नजर परत येत नाही, पण असलेली बहुतेकांत टिकते. म्हणून थेंब आयुष्यभर, वेळच्या वेळी घालावेत. बाटली संपली म्हणजे उपचार संपला असे नव्हे. रुग्णाच्या भावंडांनी आणि चाळिशी ओलांडलेल्या मुलांनीही दाब व नस तपासून घ्यावी. औषधाच्या दुकानातून आपल्या मनाने आणलेले स्टेरॉइडचे थेंब दाब वाढवू शकतात, हेही ध्यानात असावे.

मधुमेहींनी दृष्टिपटलाची तपासणी दरवर्षी करावी, नजर उत्तम असली तरीही. खिडकीचे सरळ गज वाकडे दिसू लागले, तर दृष्टिपटलाच्या मध्यभागाचा विकार संभवतो. त्यातील काही प्रकारांत डोळ्यात द्यावयाच्या इंजेक्शनांनी नजर वाचते. मात्र ती वेळेत मिळावी लागतात.

कान

मळ हे बहिरेपणाचे सर्वांत सोपे कारण. त्यासाठी काडी, पिन वा गरम तेल वापरू नये. आपल्या किनारपट्टीच्या दमट हवेत अशा ओल्या, खरवडलेल्या कानात बुरशी लवकर धरते.

वयोमानाने येणारा बहिरेपणा अंतःकर्णातील पेशी झिजल्याने येतो. स, श, फ, थ असे बारीक ध्वनी आधी हरपतात. म्हणून “आवाज येतो, पण शब्द कळत नाहीत,” असे वृद्ध म्हणतात. त्यावर औषध नाही. श्रवणचाचणी करून योग्य यंत्र लावणे हाच उपाय. ते अंगवळणी पडायला काही आठवडे लागतात. पहिल्याच आठवड्यात ते कपाटात जाऊ नये, ही जबाबदारी घरच्यांची. नायगावहून विरार लोकलने थेट गाठता येणाऱ्या वांद्र्यात अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून श्रवणदोषांवर काम करीत आहे. राज्य शासनाच्या २०२४ मधील मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरील, मर्यादित उत्पन्नाच्या ज्येष्ठांना चष्मा, श्रवणयंत्र अशा साहित्यासाठी एकरकमी ३,००० रुपयांचे साहाय्य ठेवले आहे. तेवढ्यात चांगले यंत्र येत नसले, तरी हातभार लागतो.

याची निकड केवळ सोयीपुरती नाही. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ आयोगाने स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या कारणांत श्रवणदोष २०१७ मध्येच नोंदवला होता. २०२४ मध्ये उपचाराविना राहिलेल्या दृष्टिदोषाचीही त्यात भर पडली.

येथे थांबू नये

पुढील लक्षणे दिसताच त्याच दिवशी तज्ज्ञांकडे न्यावे :

• एका डोळ्याची नजर अकस्मात जाणे, अथवा डोळ्यासमोर पडदा सरकल्यासारखे वाटणे.

• लाल डोळा, तीव्र वेदना, उलटी आणि दिव्याभोवती रंगीत वलये.

• डोळ्यांपुढे अचानक ठिपक्यांचा वर्षाव वा विजेसारख्या चमका.

• एक कान एकाएकी बंद पडणे. ‘सर्दीने दडा बसला’ असे म्हणून आठवडा घालवू नये. यातील उपचार पहिल्या काही दिवसांतच अधिक गुणकारी ठरतो.

ते आजोबा आता दिवसातून दोनदा सुनेकडून थेंब घालून घेतात. तीही हाक दुरून न मारता समोर येऊन, सावकाश बोलते. त्यांची उरलेली नजर आजवर टिकून आहे. आपल्या घरातील वडीलधारी माणसे प्रश्नाला नुसतीच हसून मान हलवू लागली, तर “वय झालं” म्हणण्याआधी त्यांचे कान आणि डोळे एकदा तपासून घ्यावेत.