सोऱ्या : त्याची निवड व त्याचा उपयोग

गेल्या नाताळाच्या आधीं आमच्या एका विद्यार्थिनीनें शाळेंत एक लहानसें यंत्र आणिलें होतें. वीतभर लांबीची धातूची नळी, तिच्या एका टोंकास फिरवावयाची मूठ, आणि दुसऱ्या टोंकावर बसविण्याकरितां निरनिराळ्या भोंकांच्या वीस चकत्या, असा त्याचा थाट होता. केकवर साखरेच्या दोऱ्या, वेण्या व अक्षरें काढण्यासाठीं तिच्या मामांनीं तें पुण्याहून पाठविलें होतें. "सर, यांतून कांहींच बाहेर येत नाहीं, यंत्र बिघडलेलें आहे काय?" असा तिचा प्रश्न. आम्ही तिला विचारिलें, "तुझ्या आजीचा सोऱ्या घरीं असेल ना? चकली करितांना तो अडला म्हणजे आजी काय करिते?" मुलगी क्षणभर थांबून म्हणाली, "पीठ पुन्हां मळते." तिला उत्तर मिळालें, व आम्हांस या लेखाचा विषय मिळाला.

सोऱ्या म्हणजे एक नळी, तींत नेमका बसणारा दट्ट्या, व तळाशीं भोंकें असलेली चकती. मऊ पदार्थ आंत भरावा, मागून दाबावा, म्हणजे तो भोंकाचा आकार घेऊन बाहेर पडतो. शेव, चकली व कुरडई यांची हीच रीति; केकवरील साखरेच्या नक्षीचीही हीच. इंग्लंडांत जोसेफ ब्रामा या कारागिरानें शिशाचे नळ अशाच प्रकारें दाबून काढण्याचें पेटंट १७९७ सालीं घेतलें. आज खिडक्यांच्या ॲल्युमिनियमच्या चौकटी, पोकळ विटा व मॅकरोनी हीं सारीं याच युक्तीनें होतात. आमच्या माताभगिनींस मात्र त्याबद्दल पेटंट कोणीं दिलें नाहीं, ही गोष्ट वेगळी.

बाजारांत सोऱ्याचे मुख्य प्रकार दोन. एकांत दट्ट्या तळहातांनीं सरळ दाबावयाचा असतो, दुसऱ्यांत तो मळसूत्रानें फिरवीत पुढें न्यावयाचा असतो. बेसनाचें सैल पीठ असेल तर पहिला पुरतो. परंतु चकलीची भाजणी किंवा केकवरची घट्ट साखर यांस दुसराच घ्यावा, असें आमचें स्पष्ट मत आहे. वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं याचें गणित करून पाहावें. मूठ मध्यापासून ६ सेंटिमीटर लांब धरली, तर एका फेऱ्यांत हात सुमारें ३८ सेंटिमीटर फिरतो. आणि आट्यांमधील अंतर ४ मिलिमीटर असल्यास दट्ट्या तेवढाच पुढें सरकतो. म्हणजे हिशेबानें हाताचा जोर सुमारें ९४ पट व्हावयास पाहिजे. यांतील अर्ध्याहून अधिक भाग घर्षण खाऊन टाकतें, हें खरें. तरी उरतें तेंही थोडें नव्हे.

दुसरी गोष्ट नळीच्या रुंदीची. ५ सेंटिमीटर व्यासाच्या नळींत अडीच सेंटिमीटर व्यासाच्या नळीइतकाच दाब आणावयाचा, तर जोर दुप्पट नव्हे, चौपट लागतो. कारण व्यास दुप्पट झाला म्हणजे क्षेत्रफळ चौपट होतें. म्हणून साखरेच्या बारीक कामाची नळी अरुंद असते, तें योग्यच आहे. घरच्या दहा माणसांच्या चकल्या तिनें करूं गेल्यास मात्र भरतां भरतां दिवस मावळेल.

धातूविषयीं बोलावयाचें तर पितळेचा सोऱ्या जड, टिकाऊ व आट्यांनीं भक्कम असतो. पण आंत कल्हई नसेल तर कुरडईचा आंबूस चीक त्यांत भरूं नये. आंबट पदार्थांत पितळेंतील तांबें उतरतें. पोलादाचा, न गंजणारा, सर्वांत सोयीचा. ॲल्युमिनियमचा हलका व स्वस्त, परंतु त्याचे आटे लवकर झिजतात. या झिजलेल्या आट्यांविषयीं आम्ही ऐकीव सांगत नाहीं.

आम्ही तिसरींत होतों तेव्हांची गोष्ट. आमच्या आईनें आठवडे बाजारांतून, स्वस्तांत मिळतो म्हणून, असा एक हलका सोऱ्या आणिला. पाडव्यानंतरचें कडक ऊन पडूं लागलें होतें. पांच किलो गहूं तीन दिवस भिजवून, रोज पाणी बदलून, वाटून चीक काढिलेला. रात्रभर निवळत ठेवून सकाळीं वरचें पाणी ओतून तो शिजविलेला. हा चीक कढत असतांनाच घालावा लागतो, कारण निवाला म्हणजे थिजतो व मग त्याची कुरडई पडत नाहीं. चौथ्या कीं पांचव्या कुरडईस आटे सरकले, झांकण निसटलें, आणि तो चीक आईच्या मनगटावर आला. पाण्यासारखा तो ओघळून जात नाहीं. कातडीस धरून बसतो. शेजारच्या काकूंनीं आपला लांकडी सोऱ्या धांवत आणून दिला, परंतु तोंवर पातेल्यांतील चीक थिजून गेला होता. त्या वर्षीं आमच्या घरीं कुरडया झाल्या नाहींत. मनगटावरचा डाग आईनें शेवटपर्यंत बाळगिला, आणि कोणीं विचारिल्यास "स्वस्ताईचा दागिना" म्हणून ती हंसत असे.

यास्तव दुकानांतच झांकण फिरवून पाहावें. आटे पुरे बसतात कीं दोन फेऱ्यांतच लटपटूं लागतात, दट्ट्या नळींत डगमगतो कीं काय, चकतीच्या कडेनें फट राहते कीं काय, हें पाहिल्यावांचून पैसे देऊं नयेत. कढत पदार्थ घालतांना सोऱ्याभोंवतीं जाड कापड गुंडाळावें व मुलांस दूर बसवावें. इतकेंही करून भाजलेंच, तर तो भाग थंड पाण्याच्या धारेखालीं वीस मिनिटें धरावा. हळद, शाई अथवा तूप फांसूं नये.

आतां आमच्या विद्यार्थिनीच्या यंत्राकडे वळूं. केकवर पसरावयाच्या या साखरेस फाँडंट म्हणतात. पिठीसाखर, ग्लुकोजचा घट्ट पाक, जिलेटीन व थोडें ग्लिसरीन मळून तो गोळा करितात. लाटून केकवर घालण्याजोगा गोळा झाला, म्हणजे तो बारीक भोंकांतून निघेलच असें नाहीं. भोंक जितकें बारीक तितका गोळा सैल हवा. मेंढीची लोंकर किंवा बाहुलीचे केंस काढण्याच्या चकतीस सर्वांत सैल. त्यांत आमच्या ढोकीकडील डिसेंबरची हवा कोरडी. गोळा उघडा राहिला कीं थोड्याच वेळांत त्यावर साय धरते, व त्या सायीचा एक कण भोंकांत अडकला कीं सारें काम थांबतें. म्हणून लागेल तेवढाच तुकडा घ्यावा, बाकीचा झांकून ठेवावा. हातास किंचित् वनस्पती तूप चोळून तो तुकडा ऊब येईपर्यंत मळावा, लागल्यास पाण्याचा एखादा थेंब द्यावा, मग नळीपेक्षां थोडी बारीक वळकटी करून आंत सोडावी. कोंबून भरल्यास मध्यें हवा राहते व दोरी तुटते. चकलीचेंही तेंच, आणि तेथें तर हवा राहिलेली चकली कढईंत फुटून तेल उडण्याची भीति. आमच्या शेजारच्या तेर गांवीं गोरोबाकाका चिखल तुडवीत असत, तो कांहीं हौसेनें नव्हे! मातींत हवा राहिली तर मडक्याचेंही काम बिघडतें.

वेणी काढावयाची तर तीन पाकळ्यांच्या भोंकाची चकती लावावी आणि निघालेल्या दोरीस दोन्हीं टोंकांनीं हलकासा पीळ द्यावा. दोरखंड हुबेहूब होतो. फितीकरितां लांबट फट, अक्षरांकरितां एकच गोल भोंक. केकवर चिकटविण्यास ओल्या कुंचल्याचा स्पर्श पुरे. पाणी अधिक झाल्यास साखर विरघळून रंग ओघळतो. मातीकामासाठीं वापरलेलें असलें यंत्र अन्नास कधींही लावूं नये.

चार दिवसांनीं ती मुलगी डबा घेऊन आली. केकभोंवतीं वेणी सरळ बसली होती, अक्षरें थोडीं वांकडीं होतीं. आजीनेंच मूठ फिरविली असें तिनें सांगितलें.

धुण्याविषयीं एवढेंच कीं, फाँडंट भोंकांत वाळल्यास टांचणीनें कोरूं नये, कडा बिघडतात. कोमट पाण्यांत चकती ठेवावी, साखर आपोआप विरघळते. भाजणीचें पीठ मात्र वाळण्याआधींच घांसून काढावें. आणि पुसून कोरड्या झालेल्या साऱ्या चकत्या एका सुतळींत ओवून सोऱ्याच्या मुठीस बांधाव्या. कारण घरोघरचा अनुभव असा कीं हरवते ती नेमकी चकलीचीच.